दारावरचं एकोणीस

दार तेच आहे. रंग तेवढा बदललाय. आमच्या वेळी हिरवा ऑइलपेंट होता, आता कुणीतरी चॉकलेटी फासलाय आणि तोही इतक्या घाईत की बिजागऱ्यासुद्धा सुटल्या नाहीत. पण चौकट तीच. उंबऱ्याशी डाव्या हाताला कुऱ्हाड लागून पडलेली खोक तीच. आणि चौकटीच्या वरच्या पट्टीकडे नजर गेली की मला वाटणारी भीतीही तीच. इतकी वर्षं झाली, दोन मुलांची आई झाले, तरी ती भीती काही मला सोडत नाही.

पप्पांना घेऊन दौंडला आले होते. आईच्या कबरीवर फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला परतायचं, एवढाच बेत. पण कबरस्तानाच्या फाटकातून बाहेर पडताना पप्पा म्हणाले, "चाळीवरनं जाऊ की जरा." मी म्हटलं, तिथं आता आपलं कोण आहे? तर म्हणाले, "दार हाय की." जानेवारीचा पहिला आठवडा, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण तोंडावर आलेला. मला नाही म्हणवलं नाही.

रेल्वेलाइनीच्या पलीकडं पाच खोल्यांची ती चाळ. मालगाडी गेली की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या आणि आई बोलता बोलता थांबून गाडी संपायची वाट बघायची. पहिल्या खोलीत आम्ही, शेजारी सुमनमावशी. मावशीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या भिंतीवर येशूचं पवित्र हृदय, दोन्हींच्या मधे एकच पातळ भिंत. तिच्यातून फोडणी, भांडणं, रेडिओ, सगळं आरपार जायचं. मावशीचे यजमान आणि पप्पा एकाच रसायनांच्या कंपनीत, कुरकुंभच्या एमआयडीसीत. कंपनीची बस कोपऱ्यावर दोघांना घ्यायची आणि कोपऱ्यावरच सोडायची.

पप्पांचं नाक म्हणजे अख्ख्या आळीत कौतुकाचा विषय. शिफ्ट करून आले की ते उंबऱ्यावर थांबायचे. चपला पायातच. डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे आणि आत काय शिजतंय ते सांगायचे. "मसुराची आमटी. जिरं करपलंय." आई आतून ओरडायची, "करपलंय तर मग जेवा कोपऱ्यावरच्या हाटेलात!" कधी ते सुमनमावशीचीही भाजी सांगून मोकळे व्हायचे, आणि मावशी भिंतीपलीकडून म्हणायची, "दाजी, आमच्या पातेल्यात नाक घालू नका." कंपनीत गॅस गळतोय का ते ओळखायलाही त्यांना याच नाकाचा भरवसा. "मीटर बिघडतंय, नाक न्हाई बिघडत," असं म्हणायचे. त्यांच्या कपड्यांना मात्र एक आंबूस, घशात खवखवणारा वास असायचा. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि मला हात लावू द्यायची नाही.

नाताळ तर आम्हाला आधी वासानंच कळायचा. केडगावच्या बाजूनं वारा आला की गुऱ्हाळांचा गूळ यायचा, उसाच्या मळीचा उग्र दर्प यायचा. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की आम्ही पोरं करवंट्यांत गहू पेरायचो, गव्हाणीपुढचं हिरवं गवत म्हणून. त्या ओल्या मातीचा वास खाटेखालून येत राहायचा. चर्चमधला गोठा ज्वारीच्या कडब्यानं शाकारायचे, आणि बाळ येशूच्या डोक्यावर कधी कधी खरीच चिमणी येऊन बसायची. घरी करंज्या, शेव. रेल्वेतल्या गार्डसाहेबांच्या रोझीकाकू गोव्याकडच्या, त्यांनी आईला कुलकुल शिकवलेले. नव्याकोऱ्या कंगव्यावर मैद्याची गोळी दाबून वळायची आणि तळायची. तळणीचा तो गोडसर वास कोपऱ्यापर्यंत जायचा, आणि बसमधून उतरतानाच पप्पा हाळी द्यायचे, "कुलकुल!"

त्या वर्षीचा नाताळ मात्र भीतीतच उगवला. दोन हजार साल लागणार आणि जग बुडणार, असं नळावर रोज कुणी ना कुणी सांगायचं. कुणी म्हणे विमानं पडणार, कुणी म्हणे बँका बंद होणार. आमच्या चर्चच्या बायकांत तर वेगळंच. तीन दिवस काळोख पडणार आणि त्या काळोखात आशीर्वाद दिलेली मेणबत्ती तेवढी पेटणार, बाकी आगपेट्या घासून घासून मरा. आईनं मेणबत्त्यांचा एक जुडगाच धान्याच्या कोठीत दडवला. मी सहावीत होते. चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेला, नाताळच्या उपासनेला, सगळे गात होते तेव्हा मी गोठ्यातल्या बाळाकडं बघून एकच मागणं मागितलं, काळोख पडलाच तर पप्पांना घरी असू दे, शिफ्टला नको.

काळोख काही पडला नाही. एक जानेवारीला सूर्य उगवला, दूधवाला आला, सुमनमावशीनं दारातूनच विचारलं, "काय, बुडालं का जग?" आई हसली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पण माझं नशीब बघा, खरी भीती अजून दारात यायचीच होती.

तीन राजांच्या सणाला फादर घरोघरी येऊन घराला आशीर्वाद देत. धुपाटणं, पवित्र पाणी आणि मिस्सेत आशीर्वाद दिलेला खडू. त्या खडूनं ते दाराच्या वर लिहीत. आधी सालाचे पहिले दोन आकडे, मग तीन राजांच्या नावांची तीन इंग्रजी अक्षरं, मधे मधे क्रूस, आणि शेवटी सालाचे उरलेले दोन आकडे. वर्षभर ते घराची राखण करतं, अशी आमची श्रद्धा. ते कुणी पुसायचं नाही, आपलं आपण विरलं तर विरलं.

आमचे फादर तेव्हा चांगलेच म्हातारे. मूळचे वसईकडचे, पण हयात इकडंच गेलेली. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या वाड्यावस्त्या त्यांनी आधी सायकलवर आणि मग मोटरसायकलवर तुडवल्या. आई शिरूरची. तिचा बाप्तिस्मा त्यांनी केलेला, पहिला ख्रिस्तप्रसाद त्यांनी दिलेला, लग्नही त्यांनीच लावलेलं. त्यांच्यासमोर आई डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही.

फादर स्टुलावर चढले. पप्पांनी स्टूल धरलं, मी पवित्र पाण्याचं भांडं. हिरव्या रंगावर खडू करकरला. एक. मग नऊ. मला वाटलं, असेल काहीतरी, मोठ्या माणसांचं. मग क्रूस, अक्षर, क्रूस, अक्षर. आणि शेवटी अगदी सावकाश, गोल गोल, दोन शून्यं. शेवटचे दोन आकडे त्यांनी नव्या सालाचे बरोबर लिहिले. पुढचे दोन हातानं आपले आपणच लिहिले होते. पन्नास वर्षं तो हात 'एकोणीस'च लिहीत आला होता ना!

फादर खाली उतरले. पाणी शिंपडलं. "या दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याचं प्रभू वर्षभर रक्षण करो," म्हणाले, एक करंजी खाल्ली, माझ्या गालावर चापट मारली आणि पुढच्या घरी गेले. आई पदर सावरून दारातच उभी. वर बघतेय, बघतेय.

"आवं," ती म्हणाली, "हे कुठलं साल झालं?"

पप्पांनी वर बघितलं आणि खो खो हसत सुटले. "एकोणीसशे! शंभर वर्सांमागलं. आपलं पणजं-खापरपणजं सगळं सुखरूप राहत्याल आता."

"आन् तुम्ही?" आई म्हणाली.

पप्पांचं हसू थांबलं.

"आशीर्वाद त्या सालावर पडला. मग यंदा तुम्ही त्या गॅसात जाताल तवा तुमच्या मागं कोण हाय?"

त्यावर पप्पा काहीबाही बोलले, देवाला काय आकडे कळत न्हाईत व्हय, वगैरे. पण मला आठवतं, ते पुन्हा काही वर बघेनात. सुमनमावशी मात्र सरळ बाई. म्हणाली, "खडूच हाय न्हवं? वलं फडकं घे, पूस आन् नीट ल्ही."

"आशीर्वादाचा खडू पुसायचा नसतो गं. आन् फादरबिगर कुणी लिहायचा नसतो."

"मग फादरला बोलीव."

"आन् काय सांगू? तुम्ही चुकला म्हणू? त्यांनी पाणी घातलेलं पोर मी!"

दिवाळीचा आकाशकंदीलच आम्ही नाताळात चांदणी म्हणून टांगायचो, आणि तीन राजांचा सण झाला की ती उतरायची. त्या वर्षी आईनं ती चांदणी उतरवलीच नाही. उलट अंगणातून काढून बरोबर त्या आकड्यांसमोर बांधली. कुणाला दिसू नये म्हणून. गुलाबी कागदाची ती चांदणी उन्हात पांढरी पडली, एक टोक फाटलं, पण राहिली. वारा आला की ती उचलायची आणि मागून 'एकोणीस' डोकवायचं.

त्या वर्षी मी काय काय ऐकायला शिकले! बसचा ब्रेक शाळेच्या पटांगणातून ओळखायला शिकले. आगीच्या बंबाची घंटा आणि चर्चची घंटा यांतला फरक झोपेतही कळायला लागला. पप्पा शिफ्टला निघाले की आई दारापर्यंत यायची आणि चांदणीमागं हात घालून तळवा त्या आकड्यांवर नुसता ठेवायची, पुसला जाणार नाही इतका हलका. मग क्रुसाची खूण. पप्पा कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत हात तिथंच. मीही मागं उभी राहायचे आणि मला वाटायचं, हे दार पप्पांना ओळखत नाही. त्याला शंभर वर्षांमागची माणसं ठाऊक. हे कुणाला तरी सांगावं असं वाटायचं, पण सांगितलं तर खरं होईल अशीही भीती होती. ईस्टरआधीचा उपासकाळ गेला, ईस्टर गेला, गणपती गेले. दिवाळीला सुमनमावशीकडून फराळाचं ताट आलं, आणि आई पहिल्यांदाच म्हणाली, "आता थोडंच राह्यलं वरीस."

त्याच डिसेंबरात एका संध्याकाळी बस आली आणि पप्पा उतरले नाहीत.

मी कोपऱ्यावरच होते. माणसं उतरत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या अंगाला तो आंबूस वास, रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त. सुमनमावशीचे यजमान शेवटी उतरले. डोळे लालभडक. त्यांनी मला बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जित्ता हाय," ते म्हणाले. "ऐक पोरी, जित्ता हाय. गॅस लागलाय. दवाखान्यात नेलंय पुण्याला. सकाळी कंपनीची गाडी तुझ्या आईला न्यायला येणार हाय."

घरी आईनं हे ऐकलं आणि आधी दाराकडं बघितलं. रडली नाही, काही नाही. नुसती वर बघत राहिली.

अंधार पडायच्या आत चर्चच्या बायका जपमाळेला आमच्या खोलीत जमल्या. सुमनमावशी भिंतीला टेकून बसली, तिच्याकडं जपमाळ नव्हती, तिनं माझा हात धरून ठेवला. जप चालू असताना एक मालगाडी गेली. ताटल्या किणकिणल्या, दार हललं आणि ती जुनी चांदणी दोरा तुटून खाली पडली. रोझीकाकू दाराशीच बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. जपमाळ तशीच हातात राहिली.

"तुमच्या पण?" काकू म्हणाल्या.

आईला कळेना.

"आमच्या पण एकोणीस आहे. मी कॅलेंडर टांगलं त्याच्यावर."

एक म्हणाली, आम्ही तोरण खाली ओढलं. एकीनं दारावर पायरीचं पोतं आडवं टांगलं होतं, पावसाचं निमित्त करून. फादरनी सगळ्यांच्याच दारावर तेच लिहिलं होतं. आणि सगळ्याच घरांनी, आपल्याच घराचा आशीर्वाद वाया गेला म्हणून, तो वर्षभर झाकून ठेवला होता. रोझीकाकूंचा नवरा गाडीवर, त्या रुळांकडं बघत भ्यायच्या. कुणाचं पोरगं फौजेत, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली. जो तो आपापल्या दाराआड.

"काय बाई तुम्ही!" सुमनमावशी एकदम म्हणाली. "वर्सभर येकेकट्या भीत बसला. एका जागी बसून भ्यायला काय झालं व्हतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग आई रडायला लागली. वर्षभराचं सगळं रडली. बायकांनी तिला मधे घेतलं. त्या खोलीत मेणाचा, घामाचा, डोक्याच्या तेलाचा वास दाटला होता, आणि भीती होतीच, पण ती आता सगळ्यांत वाटली गेली होती.

नाताळच्या तोंडावर पप्पा घरी आले. वाळलेले, आवाज घोगरा. आईनं सकाळपासून करंज्या तळायला घेतल्या होत्या. सारणातल्या वेलदोड्याचा, तुपाचा असा घमघमाट की आळीतली कुत्री दारात येऊन बसलेली. पप्पा उंबऱ्यावर आले. थांबले. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. आम्ही सगळे हसऱ्या तोंडानं वाट बघतोय.

"पिठलं टाकलंय का?" पप्पा म्हणाले.

कढईत करंजी फुटली, तेल चरचरलं. आईचा चेहरा पांढराफटक. मला कळलं, तिला कळलं, आणि पप्पांना अजून कळलं नव्हतं की आम्हाला कळलंय. डॉक्टरांनी जीव वाचवला होता, फुप्फुसं वाचवली होती. नाकाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"व्हय," आई म्हणाली. "पिठलंच. बसा, आलंच." आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी मागच्या दारानं पळत सुमनमावशीकडं गेले आणि वाटीभर बेसन घेऊन आले. पप्पा पिठलं-भाकरी खात होते आणि मागं पाटीत करंज्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या.

पुढं तीन राजांचा सण आला. फादर स्टुलावर चढले. चांदणी नव्हतीच. खडूची जुनी रेघ फिकट, पण वाचता येण्याजोगी. हात वर केला आणि तो तसाच राहिला.

"हे... मी लिहिलं?"

 फादर स्टुलावरून उतरून त्याच स्टुलावर बसले. म्हातारा माणूस एकदम लहान दिसायला लागला. "सगळीकडे?" त्यांनी विचारलं. आईनं मान हलवली. "आणि मला एकानंही सांगितलं नाही?"

"फादर," आई पदर सावरत म्हणाली, "मागचे दोन आकडे बरोबर व्हते. तेवढ्यावर आले की हे माघारी."

फादरनी पप्पांपुढं हात जोडले. ते बघून मी त्या खडूपेक्षाही जास्त घाबरले. पप्पांनी त्यांचे हात धरले, त्यांना उठवलं, स्टूल घट्ट धरलं आणि म्हणाले, "ल्हा फादर. वीस. म्या हाय खाली." जुनं न पुसता फादरनी शेजारी नवं लिहिलं. दोनाचा आकडा वाकडातिकडा आला.

त्यानंतर पप्पा रोज उंबऱ्यावर थांबत राहिले. रोज काहीतरी सांगत राहिले आणि आई रोज "व्हय" म्हणत राहिली. वांग्याची भाजी झालेली असली आणि ते "मेथी" म्हणाले, की ताटात मेथी यायची, मग भले जेवायला उशीर का होईना. आईनं आयुष्यभर दोन-दोन स्वयंपाक केले. तिच्या शेवटच्या आजारपणात मी म्हटलं, आता तरी सांग त्यांना. तर हसली. "त्यांला पहिल्या दिसापासनं म्हाईत हाय. नीट आठव, महिनाअखेरीला डबे रिकामे असताना ते कवा पुरणपोळी म्हणाले का?" मी आठवून बघितलं. महिनाअखेरीला ते नेहमी पिठलंच म्हणायचे.

आता आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर तरुण फादर येतात आणि छापील स्टिकर देतात. चुकायची सोय नाही. तरी मी आधी पुढचे दोन आकडे बघते, मग मागचे दोन, आणि मगच "आमेन" म्हणते. नवरा हसतो. हसू दे.

आज त्या चॉकलेटी दारापुढं पप्पा बराच वेळ उभे राहिले. खोलीला कुलूप होतं. त्यांनी हात वर केला आणि तळवा चौकटीच्या वरच्या पट्टीवर नुसता ठेवला. अगदी हलका. म्हणजे कोपऱ्यावरून ते वळून बघत होते तर! मला हे कधी माहीतच नव्हतं. मी त्यांची पिशवी धरून उभी राहिले.

पुण्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. घरची मंडळी बाहेरगावी, सकाळपासून घर बंद. मी कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार, कोंदट हवा, ओट्यावर सकाळचा चहाचा कप. गॅस पेटलेला नाही, कुणी काही रांधलेलं नाही. पप्पा उंबऱ्यावर थांबले. चपला पायातच. डोळे मिटले आणि लांब, खूप लांब श्वास घेतला.  आता हे काय म्हणतील, आणि कुणाला म्हणतील?

"कुलकुल," पप्पा म्हणाले.

"व्हय पप्पा," मी म्हटलं. "बसा, आलंच." आणि आत जाऊन आधी मैद्याचा डबा उघडून बघितला.